धबधबा पाहावा, पण वाटाड्याचे ऐकावे
(जळकोट येथील प्रौढांच्या वर्गात केलेले भाषण)



आज तुम्हांला एका सहलीची गोष्ट सांगतो. नांदेडहून भोकर, हिमायतनगर करीत इस्लापूरला जावे. तिथे पैनगंगा नदीवर सहस्रकुंडचा धबधबा आहे. अलीकडे नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळ. मधे सगळा काळा कातळ. नदी त्या कातळावरून अनेक धारांनी खाली दरीत उडी घेते. सहस्र म्हणजे हजार आणि कुंड म्हणजे डोह. काठावर महादेवाचे देऊळ आहे.

श्रावणात आम्ही आठ जण गेलो. वाट दाखवायला गावातले एक म्हातारे भोई होते. खांद्यावर दोर, हातात काठी. ते मागून सावकाश येत होते. आम्ही पुढे पळालो आणि थेट कातळावर जाऊन बसलो.

"हितं बसू नका," मामा म्हणाले.

"मामा, पाऊस कुठं आहे? ऊन पडलंय की!"

"बाळांनो, हे पाणी हितल्या पावसाचं न्हाई. ते लई लांबून येतंय."

मामांचे खरे होते. पैनगंगा उगम पावते बुलढाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगरात. वाटेत ईसापूरला तिच्यावर मोठे धरण आहे. वर पाऊस झाला किंवा धरणातून पाणी सोडले, की इथे ऊन असले तरी नदी चढते.

आम्ही काही उठेना. तेव्हा मामांनी पाण्याच्या कडेला एक गोटा ठेवला. "गोटा बुडाला की उठायचं," म्हणाले. थोड्या वेळाने पाणी गढूळ झाले. काटक्या, पालापाचोळा वाहत आला. बघता बघता गोटा बुडाला.

"उठा! चपला राहू द्या!"

आम्ही धावत काठावर आलो. एक भाकरी खाऊन होते न होते, तोच आमचा कातळ पाण्याखाली गेला.

काठावर पाटी होती : 'धोका. पुढे जाऊ नये.' तिच्याकडे बोट करून मामा म्हणाले, "मला अक्षर येत न्हाई, मी नदी वाचतो. तुम्हांला अक्षर येतं, मग तुम्ही ही पाटी का वाचली न्हाई?" आमच्या माना खाली गेल्या.

मंडळी, सगळ्यांनाच असे मामा भेटत नाहीत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण बुडाले. पाणी अचानक वाढले होते.

दरीचेही तसेच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात साम्रद गावाजवळ सांदण दरी आहे. दोन्ही बाजूंना उंच कडे, मधे अरुंद वाट. गावचे वाटाडे दोर लावून माणसे उतरवतात, पण ते पावसाळा सरल्यावर. पावसात डोंगराचे पाणी त्याच वाटेने धावते. तिथे पळायला बाजूच नसते.

म्हणून एवढे ध्यानात ठेवा. पाणी गढूळ झाले, आवाज वाढला, की लगेच काठावर या. कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी घेऊ नका. दोर, धोतर, लांब काठी, रिकामी घागर, जे हाती येईल ते त्याच्याकडे टाका. ११२ क्रमांकावर फोन करा. आणि आता तुम्हांला अक्षरे येऊ लागली आहेत, तर काठावरची पाटी आधी वाचा. शेजारी ज्याला वाचता येत नाही, त्यालाही मोठ्याने वाचून दाखवा.