टीबीचं औषध चालू असताना माला-डी

आज दोन गोळ्यांबद्दल बोलायचंय. दोन्ही चांगल्या, दोन्ही आपल्याकडे मिळणाऱ्या. पण एकीमुळे दुसरी निकामी होते, आणि हे बाईला बऱ्याचदा कुणी सांगतच नाही.

कुठलीही गोळी गिळली की ती पोटातून यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये जाते. यकृताच्या लेखी औषध काय नि विष काय, दोन्ही बाहेरून आलेलंच. तिथे एन्झाइम नावाची प्रथिनं असतात. ती औषधाचं रूप बदलतात, मग ते लघवीवाटे किंवा पित्तातून शौचावाटे बाहेर पडतं. म्हणून तर गोळी रोज घ्यावी लागते.

टीबीच्या औषधात रिफाम्पिसिन असतं. लघवी केशरी होते ती त्याच्यामुळेच, त्याला घाबरू नका. पण हे रिफाम्पिसिन यकृताला जास्त एन्झाइम बनवायला लावतं. खुरपायला पाच बाया होत्या तिथे पंधरा आल्या, तर रान लवकर उरकणारच ना? तसंच हे. एक-दोन आठवड्यांत एन्झाइम वाढतात आणि माला-डी, माला-एनमधले हार्मोन नेहमीपेक्षा लवकर मोडून टाकतात. बाई एक दिवस गोळी चुकवत नाही, तरी दिवस राहू शकतात. वर घरात बोलणी तिलाच, गोळी विसरलीस म्हणून! संबंधानंतर घ्यायची तातडीची गोळीही अशीच कमी पडते.

मग टीबीचं औषध सोडायचं का? अजिबात नाही. अर्धवट सोडलेला टीबी पुढे औषधाला दाद देत नाही. बदलायचं ते पाळणा लांबवायचं साधन. तांबी गर्भाशयातच काम करते, तिला यकृताशी देणंघेणं नाही. दर ३ महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शनही चालतं. निरोध तर आहेच, त्यात थोडी जबाबदारी नवऱ्यावरही येते. साधा टीबी असेल तर उपचार साधारण ६ महिने चालतो. तो संपल्यावरही वाढलेले एन्झाइम लगेच कमी होत नाहीत, म्हणून पुढचे ४ आठवडे तेच साधन ठेवा.

टीबीच्या डॉक्टरांसमोर माला-डीचं नाव काढायला लाज वाटते, ठाऊक आहे. बोलू नका हवं तर, पाकीटच टेबलावर ठेवा. पाळी चुकली असेल तर आशाताईंकडे निश्चय किट असतं, तपासून घ्या. दिवस राहिलेले असले तरी टीबीच्या गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका, आधी दवाखान्यात सांगा.