हाताला उमेदवारी द्या



महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणून जिचा गौरव होतो, त्या कोयनेच्या काठी आपण जमलो आहोत. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात इथली घरे कोसळली. गाव पुन्हा उभे राहिले. इथल्या 1960 मेगावॅट क्षमतेच्या जलविद्युत प्रकल्पाच्या विजेवर राज्यातली यंत्रे फिरतात. त्या यंत्रांपाशी आमच्या दिव्यांग मुलामुलींनाही जागा मिळावी, एवढेच आमचे मागणे आहे.

शिकण्याची सोय आहे. मिरजेत शासनाचे प्रौढ दिव्यांगांसाठीचे प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे संगणक शिकवतात, मोटार रिवाइंडिंगही शिकवतात. जळालेली तार उपसायची, खाचा साफ करायच्या, इन्सुलेशनचा कागद बसवायचा, वेढे मोजून नवी कॉइल भरायची, वार्निश देऊन सुकवायची. पायाने अधू मुलगा हे सारे बाकावर बसून करतो. पण प्रमाणपत्र घेऊन तो कारखान्याच्या दारात उभा राहिला, की पहिला प्रश्न येतो, “अनुभव आहे का?” कुणी उमेदवारीच दिली नाही, तर अनुभव यायचा कुठून?

शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 पासून आहे. आज 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली आणि कौशल्य प्रशिक्षणाच्या सर्वसाधारण योजनांत या मुलांना सामावून घेण्याची जबाबदारी शासनावर टाकली. कायद्याचे काम इथपर्यंत. पुढचे काम कारखान्यातल्या मिस्त्रीचे. ज्याला ऐकू येत नाही, त्याला खुणेने आणि हाताने करून दाखवावे लागते. ज्याला उमगायला वेळ लागतो, त्याला एका वेळी एकच टप्पा द्यावा लागतो. एकदा हात बसला, की तो मुलगा कामात कुणाला हार जात नाही.

म्हणून तासवडे, सातारा, कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींतल्या मालकांना माझी हात जोडून विनंती आहे: येत्या वर्षी आपल्या कारखान्यात एक तरी दिव्यांग शिकाऊ उमेदवार घ्या, आणि त्याला शिकवायला आपला सर्वांत जाणता मिस्त्री द्या.