यंत्र घरात, किल्ली परक्या हातात

(रिसोड तालुक्यातील केनवड येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकाचा प्रश्न हा शहरी सुशिक्षितांच्या सोयीचा प्रश्न आहे, असे मानण्याचा काळ केव्हाच मागे पडला. सोयाबीन आणि तुरीवर जगणाऱ्या वाशीम जिल्ह्यातील शेतकऱ्याला पीकविम्याचा अर्ज भरायचा असो, सातबाराचा उतारा काढायचा असो किंवा त्याच्या मुलीला महाडीबीटीवर शिष्यवृत्ती मागायची असो, शासनाचा दरवाजा आता इंटरनेटच्या तारेतून उघडतो. ज्याच्या घरी ही तार आणि तिला जोडलेले यंत्र नाही, त्याने सेवा केंद्राच्या रांगेत उभे राहावे, अर्जामागे पैसे मोजावेत आणि प्रसंगी तालुक्याच्या गावी खेटे घालावेत. ज्याला नागरिक म्हणून हक्क मागायचा आहे, त्याला आधी गिऱ्हाईक व्हावे लागते.

अशा परिस्थितीत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीला दिला जाणारा नेहमीचा आधार थांबवला. काही मुदतवाढ मिळाली, पण ती अटींवर आणि मर्यादित काळासाठी. नवी विंडोज ११ बसवायची तर संगणकात टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. म्हणजे २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक या अटीत बसत नाहीत. त्यांचा पडदा शाबूत आहे, कळफलक शाबूत आहे, हिशेब करण्याची शक्तीही शाबूत आहे. तरीही ते जुने ठरले. यंत्र झिजल्यामुळे नव्हे, तर दूर देशीच्या कंपनीने ठरवले म्हणून ते भंगारात निघणार. बैल धडधाकट असताना त्याला खाटकाच्या हवाली करण्याचाच हा प्रकार आहे.

यावर उपाय आहे, आणि तो आजचा नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' या मुक्त प्रणालीची घोषणा केली. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या नव्या प्रणाली-गाभ्याची वार्ता जगाला दिली आणि पुढच्याच वर्षी तो गाभा ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला. या परवान्याचा आशय चार स्वातंत्र्यांत सांगता येतो : आज्ञावली हवी तशी वापरावी, तिची रचना अभ्यासावी, ती दुसऱ्याला द्यावी, आणि तिच्यात सुधारणा करून ती सुधारणाही वाटावी. सुधारलेली प्रत वाटणाऱ्यावर हीच स्वातंत्र्ये पुढच्याला देण्याचे बंधन असते. ही भिक्षा नव्हे, दानही नव्हे; सामूहिक मालकीचा हा एक नवा करार आहे. विंडोजने टाकून दिलेला संगणक लिनक्सवर आणखी कित्येक वर्षे उत्तम चालू शकतो.

दोष कोणाचा?

येथपर्यंतचे बोलणे कार्यकर्त्यांनी अनेकदा ऐकले आहे. अडचण यापुढे सुरू होते. एखादा होतकरू तरुण मोठ्या उमेदीने घरच्या संगणकावर लिनक्स बसवतो. पडदा उजळतो, मराठी अक्षरे दिसतात; पण वायफाय लागत नाही. छपाईयंत्र जोडले तर ते मुके राहते. शेजारी म्हणतात, 'लिनक्स आपल्या कामाचे नाही.' दोन दिवसांत दुकानदार त्या संगणकावर विंडोजची चोरटी प्रत बसवून देतो आणि प्रकरण मिटते. एका तरुणाचाच नव्हे, एका विचाराचा पराभव झालेला असतो.

हा पराभव नेमका कशामुळे होतो, हे समजून घेतले पाहिजे. संगणकातील प्रत्येक उपकरणाशी प्रणालीला बोलावे लागते आणि त्यासाठी दुभाषा लागतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. विंडोजसाठी हा दुभाषा उपकरणाचा कारखानदार स्वतः लिहून देतो. लिनक्ससाठी मात्र कित्येक कारखानदार तो लिहीत नाहीत. आणि उपकरणाची आतली माहिती गुप्त ठेवून दुसऱ्यालाही लिहू देत नाहीत. ब्रॉडकॉम कंपनीचे वायफायचे भाग याचे ठळक उदाहरण होते. माहिती मिळेना, म्हणून स्वयंसेवकांनी उपकरणाचे वर्तन बाहेरून निरखून, उलट्या वाटेने शोध घेत ड्रायव्हर लिहिला. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने आपल्या नव्या भागांसाठी खुला ड्रायव्हर दिला, तोवर असंख्य लोकांनी 'लिनक्सवर इंटरनेट चालत नाही' असा निष्कर्ष काढून टाकला होता. गुपित कारखानदाराचे आणि बदनामी लिनक्सची, असा हा व्यवहार आहे.

मुक्त आज्ञावलीच्या चळवळीचा उगमही एका छपाईयंत्रापाशीच सापडतो, हा योगायोग नव्हे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे छपाईयंत्र आले. त्यात कागद वारंवार अडकत असे. आधीच्या यंत्राच्या आज्ञावलीत स्टॉलमन यांनी बदल करून अशा अडचणीची सूचना वापरणाऱ्यांना मिळण्याची सोय केली होती. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मात्र कोणी देईना; ज्याच्याकडे ती होती, त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून नकार दिला. यंत्र समोर, ते दुरुस्त करणारा हातही समोर, आणि मध्ये कायद्याची भिंत! मालकीच्या प्रश्नाचे इतके उघडे दर्शन क्वचितच घडते.

कामाचा क्रम

तथापि केवळ कारखानदाराला दोष देऊन कोणाच्या घरचे इंटरनेट सुरू होणार नाही. कार्यकर्त्याला कामाचा क्रम माहीत हवा.

पहिली गोष्ट, लिनक्स थेट बसवू नये. ते यूएसबी पेनड्राइव्हवर घेऊन तेथूनच संगणक सुरू करता येतो. आतील चकतीला हात लागत नाही. याच अवस्थेत वायफाय, आवाज, कॅमेरा आणि छपाई तपासून घ्यावी. जे येथे चालते, ते बसवल्यावरही बहुधा चालते. मगच घरातील कागदपत्रांची व छायाचित्रांची दुसरी प्रत काढून कायमची मांडणी करावी.

दुसरी गोष्ट इंटरनेटची. येथे एक चमत्कारिक पेच असतो : वायफायचा ड्रायव्हर इंटरनेटवरून आणायचा आणि इंटरनेट मिळण्यासाठी वायफाय हवे. पेच सोडवण्याचे साधन घरातच आहे. राऊटर असेल तर लॅनची तार सरळ संगणकाला जोडावी. तो नसेल तर अँड्रॉइड फोन डेटा वाहणाऱ्या केबलने संगणकाला जोडून फोनमधील 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. लिनक्स त्या फोनला जाळ्याचे कार्ड समजून स्वीकारते आणि त्यासाठी सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. एकदा वाट मोकळी झाली की उरलेले भाग आणता येतात.

तिसरी गोष्ट, अंदाजाने काम करू नये. संगणकाच्या आतील भागांसाठी 'एलएसपीसीआय' आणि यूएसबीला जोडलेल्या वस्तूंसाठी 'एलएसयूएसबी' या दोन आज्ञांनी उपकरणांची यादी मिळते. प्रत्येक उपकरणाला उत्पादकाचा एक आणि वस्तूचा एक असे चार-चार अंक-अक्षरांचे ओळख-क्रमांक असतात. खोक्यावरील नावाला भुलू नये. एकाच नावाखाली कारखानदार आतला भाग बदलतात. ओळख-क्रमांक मात्र फसवत नाहीत, आणि उपाय शोधायचा तो त्यांवरून.

पुष्कळदा ड्रायव्हर असतो, पण उपकरणात भरावयाची छोटी आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, नसते. डेबियन या प्रसिद्ध लिनक्स-संचाच्या कार्यकर्त्यांत यावर दीर्घ वाद झाला. मालकीचे फर्मवेअर सोबत द्यावे तर तत्त्वाला बाध येतो. न द्यावे तर सामान्य माणसाचे वायफाय चालत नाही. अखेर २०२२ मध्ये रीतसर मतदान झाले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते बसवणीच्या संचातच देण्यात येऊ लागले. तत्त्व आणि तडजोड यांचा असा उघड व लोकशाही निर्णय राजकीय पक्षांनीही अभ्यासण्याजोगा आहे.

छपाईयंत्राबाबत नियम सोपा आहे : विकत घेण्यापूर्वी विचारावे. एचपी कंपनी आपल्या बऱ्याच यंत्रांसाठी लिनक्सची आज्ञावली देते. जाळ्याला जोडता येणारी अनेक नवी यंत्रे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. काही जुनी, स्वस्त यंत्रे मात्र निव्वळ विंडोजवर विसंबून बनवलेली असतात आणि त्यांच्यापायी दिवस वाया जातो.

गावापर्यंत आलेली तार

संगणक सज्ज झाला, तरी तार कोठून येणार? फायबर जोडणारा कारागीर पुष्कळदा सांगतो की, 'आमच्याकडे लिनक्स चालत नाही.' हे म्हणणे सहसा अज्ञानातून येते. फायबरच्या जोडणीत कंपनीशी ओळख पटवण्याचे काम बहुधा भिंतीवरील पेटीच करते. संगणक त्या पेटीकडे फक्त पत्ता मागतो. तो कोणत्या प्रणालीवर चालतो, याच्याशी तारेला कर्तव्य नसते. वीज गेली की ही पेटीही बंद पडते. ती बहुधा १२ व्होल्टवर चालते, म्हणून लहानशा बॅटरीवर तिला तास-दोन तास जिवंत ठेवता येते. भारनियमन सोसलेल्या विदर्भात ही बाब क्षुल्लक नाही.

खरा प्रश्न सार्वजनिक जाळ्याचा आहे. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित कार्यक्रमासाठी १ लाख ३९ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम मंजूर झाली. पण तार ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत येणे वेगळे आणि शेतमजुराच्या घरात पोचणे वेगळे. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. शेताच्या बांधावरून तो दिसतो, पण बांधावरून त्यावर चढता येत नाही. प्रकाशतंतूचे तसे होऊ द्यायचे नसेल, तर गावानेच त्याला उतार बांधला पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत लहान दुकानदारालाही परवान्याशिवाय वायफाय पुरवता येते. मग गावची सहकारी सोसायटी किंवा महिला बचत गट हे काम का करू नये?

लिनक्स म्हणजे क्रांती नव्हे

येथे एका भाबडेपणापासून सावध राहिले पाहिजे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांपैकी प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालते. शेतकऱ्याच्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. म्हणून तो शेतकरी मुक्त झाला काय? लिनक्सच्या गाभ्यात आज भर घालणारे बहुसंख्य लोक मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंते आहेत. सामूहिक संपत्तीचा उपयोग भांडवलदारही करून घेतो, आणि तिच्याभोवती नवे कुंपण घालतो. आज्ञावली मुक्त असणे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. ती वापरणारे, दुरुस्त करणारे आणि शिकवणारे संघटित लोक असल्याशिवाय तिला सामाजिक अर्थ येत नाही.

केरळने हे दाखवून दिले. तेथे २००१ मध्ये सुरू झालेल्या 'आयटी अ‍ॅट स्कूल' प्रकल्पाने शाळांसाठी मुक्त प्रणाली स्वीकारली; पण केवळ चकत्या वाटल्या नाहीत, तर शिक्षकांनाच यंत्र हाताळायला शिकवले. २०१८ मध्ये सुमारे ४५ हजार वर्गखोल्या संगणकसज्ज करण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला आणि विद्यार्थ्यांची 'लिटल काइट्स' मंडळे उभी राहिली. यंत्रापुढची भीती मोडण्याचे काम त्या राज्याने सरकारी शाळेकडे सोपवले.

यंत्राविषयीचा समाजवाद्यांचा दृष्टिकोन यंत्रविरोधाचा कधीच नव्हता. गांधीजींनी शिवणयंत्राला आपल्या टीकेतून वगळले होते, डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला. कसोटी एकच होती : यंत्र माणसाच्या हाताखाली राहते, की माणूस यंत्राच्या मालकाच्या? जो संगणक उघडता येतो, समजून घेता येतो आणि गावातच दुरुस्त होतो, तो या कसोटीला उतरतो.

कार्यक्रम

म्हणून कार्यकर्त्यांपुढे चार कामे आहेत. एक, प्रत्येक मोठ्या गावात किमान दोन तरुण-तरुणींनी वर सांगितलेला क्रम शिकून घ्यावा आणि लिनक्सचा पेनड्राइव्ह व लॅनची तार जवळ बाळगावी. दोन, जिल्हा परिषद शाळेतील जुने संगणक मोडीत काढण्याचा ठराव आला, तर आधी ते लिनक्सवर तपासण्याची मागणी शाळा व्यवस्थापन समितीत करावी. तीन, मुक्त आज्ञावलीच्या वापराचे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्येच जाहीर केले आहे. त्याचा आधार घेऊन सार्वजनिक पैशाने घेतलेले प्रत्येक उपकरण लिनक्सवर चालले पाहिजे आणि शासनाचे प्रत्येक संकेतस्थळ कोणत्याही प्रणालीवर उघडले पाहिजे, अशी अट निविदेतच घालावी म्हणून निवेदने द्यावीत. चार, भारतनेटची तार आपल्या ग्रामपंचायतीत आली आहे काय, ती चालू आहे काय, आणि घरोघर का जात नाही, हे ग्रामसभेत विचारावे.

ही कामे लहान आहेत आणि त्यांतून उद्याच सत्तापालट होणार नाही. पण ज्या घरातील टाकून दिलेला संगणक पुन्हा चालू होईल आणि त्यावर घरची मुलगी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत आपला अर्ज भरील, त्या घराला परावलंबन हे विधिलिखित नसते, एवढे तरी कळलेले असेल. समाजवादी चळवळीला आपले बोलणे तेथून सुरू करता येते.