कट्टा, कुंपण आणि उजेड



परिषदेसाठी गावोगावहून आलेल्या नगररचनाकार, वास्तुविशारद, अभियंते व कार्यकर्त्यांना दाखवायला दादरकडे किल्ला नाही की राजवाडा नाही; कट्टा आहे. शिवाजी पार्कला वेढणारा, सुमारे 1.2 किलोमीटरचा. 1925 साली माहीम पार्क म्हणून खुल्या झालेल्या या मैदानाला 1927 मध्ये शिवाजी पार्क हे नाव मिळाले, तेही नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने. कट्ट्याची उंची टेकण्यापुरती, त्यामुळे आतले बाहेर दिसते, बाहेरचे आत. आजोबांच्या गप्पा, कॉलेजच्या पोरांचे टोळके, फेऱ्या मारणाऱ्या बायका, यांच्यामुळे रात्रीही इथे आपसूक राखण होते.

न्यूयॉर्कला हेच उलट बाजूने शिकावे लागले. तिथले ब्रायंट पार्क शहराच्या ऐन मध्यात. पण पदपथापेक्षा उंचावर, दाट झुडपांआड लपलेले आणि वाटा मोजक्याच. 1970 च्या दशकात तिथे अमली पदार्थांचे विक्रेते ठाण मांडून बसले. सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी निरीक्षण करून सांगितले, जागा आड गेली म्हणून ती बिघडली. 1988 मध्ये पार्क दुरुस्तीसाठी बंद झाले. झुडपे काढली, प्रवेशाच्या वाटा मोकळ्या केल्या, हव्या तिथे ओढून बसता येतील अशा खुर्च्या ठेवल्या. 1992 मध्ये ते पुन्हा उघडले आणि जेवणाच्या सुट्टीत माणसांनी फुलू लागले.

जागा ठीक आहे की नाही, हे व्हाइट तिथे बसलेल्या बायकांच्या प्रमाणावरून ओळखत.

मुंबईत बायकांच्या या वावराचा प्रश्न शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 च्या ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात रोखठोक विचारला: बाईला घराबाहेर निवांत रेंगाळायला काही कारण का लागावे? आपले नकाशे मात्र अजून गाड्यांभोवतीच फिरतात. दिव्यांचा झोत डांबरावर, पदपथ झाडाच्या सावलीत अंधारा. उड्डाणपुलाखाली कचरा नाहीतर कुलूप. माटुंग्यात रहिवाशांनी नेट लावला, तेव्हा 2016 मध्ये पुलाखाली नर्मदेच्या वळणांसारखी पाऊलवाट असलेले उद्यान उभे राहिले.

म्हणून स्वागत समितीची एकच विनंती. आजची सत्रे संपल्यावर प्रतिनिधींनी रात्री नऊच्या सुमारास कट्ट्याला एक फेरी मारावी. उजेड कुठे पडतो, स्वच्छतागृह किती लांब आहे आणि किती बायका नुसत्याच बसल्या आहेत, हे टिपून घ्यावे. उद्याच्या चर्चेची सुरुवात त्या टिपणांनीच व्हावी.