पट्टी कोणती? : की सिग्नेचर समजून घेताना



आमच्या इमारतीतली एक मुलगी गेल्या पावसाळ्यात कीबोर्डचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. पानाच्या सुरुवातीलाच, पाच रेषांवर, फ्लॅटची पाच चिन्हं दाटीवाटीनं बसलेली. “काका, हे मला जमणारच नाही,” म्हणाली. मी पुस्तक बाजूला ठेवलं, पेटी पुढे ओढली आणि तिला काळी एकमध्ये, म्हणजे पहिली काळी पट्टी सा धरून, साधं सारेगम वाजवायला सांगितलं. भजनाला ती याच पट्टीत साथ करते, त्यामुळे हात कुठे अडखळला नाही. सा काळी एक, रे काळी दोन, ग पांढरी चार, म काळी तीन, प काळी चार, ध काळी पाच, नि पांढरी एक. मग म्हटलं, आता काळ्या पट्ट्या मोज. पाच भरल्या. पुस्तकातले पाच फ्लॅट ते हेच.

तिचा चेहरा पाहिला आणि आजच्या व्याख्यानाचा विषय ठरला. आपल्या नागपूरच्या सदरमध्ये सेंट फ्रान्सिस डी सेल्स आणि ऑल सेंट्स ही दोन कॅथेड्रल आहेत, आणि त्याच वस्तीत खंजिरीवर तुकडोजी महाराजांची भजनं रंगतात. एकाच घरातलं पोर एका वर्षात गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा देतं आणि ट्रिनिटी कॉलेजचीही. यातल्या एका परीक्षेची भाषा दुसरीच्या भाषेत कुणी समजावून देत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कारण पोराला अर्धं आधीच येत असतं.

की सिग्नेचर म्हणजे पानाच्या डोक्याशी एकदाच दिलेली सूचना: या गाण्यात अमुक सूर नेहमी अर्ध्या सुरानं वर घ्या, म्हणजे शार्प, किंवा अमुक सूर खाली घ्या, म्हणजे फ्लॅट. पण ही चिन्हं कुठल्याही क्रमानं येत नाहीत, रांगेनं येतात. ती रांग पाठ करून घेतात, तिचं कारण मात्र क्वचितच सांगतात. ते कारण आपल्या षड्ज-पंचम भावात, म्हणजे सा आणि प यांच्या नात्यात, आहे. पांढरी एकचा बिलावल, म्हणजे सगळे शुद्ध स्वर, घ्या. सगळ्या पट्ट्या पांढऱ्या, चिन्ह एकही नाही. आता त्याच्या पंचमाला, म्हणजे पांढरी पाचला, सा माना. नव्या सा-ला खालून शुद्ध नि हवा. जुना शुद्ध म त्या जागेपासून अर्धा सूर खाली पडतो, म्हणून तो तीव्र करावा लागतो. झाला पहिला शार्प. पुन्हा पंचमाला सा करा, पुन्हा मागचा म तीव्र होईल: दुसरा शार्प. उलट दिशेनं, मध्यमाला सा करत गेलात, तर दर पायरीला मागचा नि कोमल होऊन नव्या सा-चा म बनतो. ती फ्लॅटची रांग. बिलावलात शेवटचा शार्प म्हणजे नि, शेवटचा फ्लॅट म्हणजे म. एवढं धरलं की सा आपोआप सापडतो. काळी एक पाच फ्लॅटऐवजी सात शार्पनीही लिहिता येते, पट्ट्या त्याच राहतात. वाचणाऱ्याची दया येऊन बहुतेक लोक पाच फ्लॅट लिहितात.

आता अडचणीची जागा. आपण दोन प्रश्न वेगळे विचारतो: पट्टी कोणती, आणि थाट, म्हणजे सात स्वरांचा साचा, कोणता? पंडित भातखंड्यांनी आपल्या ग्रंथांत रागाचा थाट नोंदवला, कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ दिली, पण पट्टी लिहिली नाही. सा ज्याचा त्याचा. की सिग्नेचर हे दोन्ही प्रश्न एकत्र कालवते, आणि उत्तर अर्धवट देते, कारण सा कुठे आहे हे ती सांगत नाही. चिन्ह नसलेलं पान समोर आलं म्हणून ते गाणं पांढरी एकचं असेलच असं नाही. मेजर-मायनरचा घोळ इथूनच होतो: त्याच पांढऱ्या पट्ट्यांत पांढरी एक हा सा असेल तर मेजर, पांढरी सहा असेल तर मायनर. म्हणून चाल कुठे विसावते हे ऐकावं लागतं. तेच सूर ठेवून सुरुवातीची जागा बदलणं, भरतानं मूर्च्छना म्हटलं ते हेच.

या हिशेबाचं मोल मला संगीतकार सी. रामचंद्रांकडे पाहताना कळतं. सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र चितळकर, ते नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले.  पुढे मुंबईत चितळकरांच्या भोवती गोव्याचे वादक होते. त्यांचा ‘अलबेला’ हा चित्रपट १९५१ चा. त्या काळी त्यांचे साहाय्यक होते चिक चॉकलेट, म्हणजे ट्रम्पेटवादक अँटोनिओ झेवियर वाझ. गोव्यात चर्चच्या शाळेत मेस्त, म्हणजे गुरुजी, लहानपणीच मुलांकडून सोल्फेजो, म्हणजे सूर नावानं वाचण्याचा सराव, घोटून घेत, त्यामुळे त्या वादकांना कागद वाचता येई. संगीतकार पेटीवर चाल सांगणार, गायकाची पट्टी ठरणार आणि मग ती कागदावर चढणार. त्यातही ट्रम्पेटची मेख आहे: त्याच्या कागदावरचा सी, म्हणजे पांढरी एक, प्रत्यक्षात काळी पाचचा सूर देतो. म्हणून काळी एकचं बिलावल अंगाचं गाणं व्हायोलिनवाल्याला पाच फ्लॅटमध्ये लिहून द्यायचं, आणि ट्रम्पेटवाल्याला तेच तीन फ्लॅटमध्ये. चुकलं तर सारा ताफा बेसूर. असे कागद लिहिणाऱ्यांची नावं रेकॉर्डवर क्वचितच छापली गेली, आणि मला ती मोठी हानी वाटते.

पेटीवर प्रत्यक्ष दाखवतो. फक्त पांढऱ्या पट्ट्या, चिन्ह एकही नाही. सा पांढरी एक: बिलावल. पांढरी दोन: काफी. तीन: भैरवी. चार: कल्याण. पाच: खमाज. सहा: आसावरी. सातवर शुद्ध पंचमच मिळत नाही, म्हणून ती सोडतो. भातखंड्यांच्या दहापैकी सहा थाट एकाच कोऱ्या पानात बसले.

राहिले चार: भैरव, पूर्वी, मारवा, तोडी. यांच्यापुढे की सिग्नेचर हात टेकते. पांढरी एकपासून फ्लॅट मोजले तर ते नि, ग, ध, रे अशा रांगेनंच येतात. भैरवाला रे आणि ध कोमल हवेत, पण नि आणि ग शुद्ध. रांग मोडल्याशिवाय ते जमत नाही. उरलेल्या तिघांत कोमल स्वरांबरोबर तीव्र मध्यम आहे, आणि प्रचलित सिग्नेचरमध्ये शार्प आणि फ्लॅट एकत्र बसत नाहीत. मग काय करायचं? कोमल रे किंवा कोमल ध ज्या ज्या बारमध्ये, म्हणजे विभागात, येईल तिथे त्याच्या अगोदर चिन्ह पुन्हा द्यायचं. भातखंड्यांच्या आडव्या रेघेचंही हेच काम.

त्या मुलीनं मागच्या आठवड्यात भैरवाची एक सरगम अशीच पाच रेषांवर उतरवून आणली. सुरुवातीची जागा तिनं मोकळी ठेवली आहे. ती सरगम पांढरी एकची आहे. मी आपल्या सवयीच्या काळी एकमध्ये वाजवतो. रे पांढरी दोन, ध पांढरी सहा. ऐका.