आडनावाची प्रतिष्ठा : दुर्गाबाई खोटे



भारतीय चित्रपटाच्या आरंभीच्या इतिहासात दोन तारामती आहेत. पहिली १९१३ सालची. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट निर्माण केला, तेव्हा तारामतीची भूमिका करण्यास स्त्री मिळाली नाही. अखेर अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडे नेसवून कॅमेऱ्यासमोर उभे करावे लागले. दुसरी तारामती १९३२ सालची. प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट तयार केला आणि त्यात तारामती साकारली दुर्गाबाई खोटे यांनी. कथा तीच, राणीही तीच. मध्ये गेली केवळ १९ वर्षे. या १९ वर्षांत मराठी समाज किती पुढे सरकला, याचे मोजमाप या दोन तारामतींवरून करता येते. हे अंतर आपोआप मात्र कापले गेले नाही. त्याची किंमत काही स्त्रियांनी मोजली.

सुखवस्तू घरातून पडद्यावर

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत झाला. माहेर लाडांचे. वडील पांडुरंगराव लाड हे सॉलिसिटर. घर सुधारलेल्या विचारांचे, कन्येचे शिक्षण कॅथेड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात. त्या काळी मुलीला इतके शिकवणारी घरे बोटांवर मोजण्याइतकीच होती. शिक्षण पुरे होण्याआधी विवाह झाला. सासरचे खोटे घराणे मुंबईतील धनिकांपैकी एक.

मात्र ती श्रीमंती टिकली नाही. घराची आर्थिक घडी विसकटली. ऐन तारुण्यातच वैधव्यही त्यांच्या वाट्याला आले. बकुळ आणि हरिन या दोन मुलांना वाढवायचे तर स्वतः कमावणे भाग होते. नातलगांच्या आधारावर आयुष्य काढण्याचा मार्ग मोकळा होता आणि रूढीला तोच मान्य होता. दुर्गाबाईंनी तो स्वीकारला नाही.

१९३१ साली ‘फरेबी जाल’ या चित्रपटात त्यांनी एक छोटी भूमिका केली. चित्रपट सुमार निघाला. जाहिरातीत मात्र मोठ्या घराण्यातील स्त्री पडद्यावर आल्याचा गाजावाजा झाला. परिणामी मुंबईच्या मराठी समाजात टीकेचा गदारोळ उठला. घराण्याच्या नावाला बट्टा लागला, असा एकच सूर निघाला. हे घराणे अडचणीत असताना त्या मुलांच्या भवितव्याची चिंता किती जणांनी वाहिली, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

तारामती

एखादी व्यक्ती या आघाताने कायमची घरात बसली असती. व्ही. शांताराम यांनी मात्र आपल्या पहिल्या बोलपटाच्या नायिकेसाठी याच तरुणीची निवड केली. समोर हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे होते. संगीतही त्यांचेच होते. पार्श्वगायनाची सोय त्या काळी नव्हती. ज्याने अभिनय करायचा त्यानेच गायचे, तेही चित्रीकरण चालू असताना. चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला, म्हणजे श्रम दुप्पट.

राजवैभव गमावलेली, बाजारात विकली गेलेली आणि तरीही ताठ मानेने उभी असलेली राणी दुर्गाबाईंनी पडद्यावर उभी केली. पौराणिक कथेतील स्त्रीचे तेज प्रेक्षकांना मान्य होतेच, ते तेज या अभिनेत्रीच्या ठायी त्यांना दिसले. कालपर्यंत नाके मुरडणारी कुटुंबे हा चित्रपट पाहण्यासाठी सहकुटुंब जाऊ लागली. टीकेला त्यांनी कामाने उत्तर दिले.

एका साच्यात न मावणारी

पतिव्रता राणीच्या भूमिकांवर त्यांना सबंध आयुष्य काढता आले असते. त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याची दरारा असलेली राणी झाल्या. पुढे कलकत्त्याला देवकी बोस यांच्या ‘सीता’ (१९३४) या चित्रपटात त्यांनी शीर्षक भूमिका केली. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. १९३६ च्या ‘अमरज्योती’मधील सौदामिनी तर त्या काळाच्या फार पुढची होती. मुलाचा ताबा कायद्याने नाकारला म्हणून राजसत्तेविरुद्ध बंड करून उठलेली आणि समुद्रावर चाचेगिरी करणारी ती माता! एकाच कंपनीशी जन्मभर बांधून घेण्याच्या काळात दुर्गाबाई निरनिराळ्या संस्थांमधून काम करीत राहिल्या. १९३७ साली ‘साथी’ या चित्रपटाच्या निर्मितीची व दिग्दर्शनाची जबाबदारीही त्यांनी घेतली.

१९४१ साली आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’मध्ये त्यांनी सुनेचा छळ करणारी सासू रंगवली. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३६ होते. नायिकेच्या प्रतिमेला जपणारी अभिनेत्री या भूमिकेच्या वाटेला गेली नसती. ‘भरतमिलाप’मधील कैकेयीही तशीच, प्रेक्षकांचा रोष ओढवून घेणारी. बंगालच्या चित्रपट पत्रकारांच्या संघटनेने या दोन्ही भूमिकांसाठी त्यांचा गौरव केला.

पुढची पिढी त्यांना ओळखते ती आई आणि आजी म्हणून. ‘मुघल-ए-आझम’मधील (१९६०) जोधाबाई पती आणि पुत्र यांच्या संघर्षात होरपळते. ‘बॉबी’मधील (१९७३) मिसेस ब्रगँझा ही गोव्याची ख्रिस्ती आजी. ‘बिदाई’साठी (१९७४) त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. सुमारे २०० चित्रपट आणि पन्नास वर्षांची कारकीर्द!

रंगभूमीचे ऋण

चित्रपटात नाव झाल्यावर रंगभूमीकडे पाठ फिरवणारे पुष्कळ असतात. दुर्गाबाई नाव झाल्यावर रंगभूमीकडे वळल्या. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यचळवळीत त्यांनी मनापासून काम केले. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई, शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून लिहिलेल्या ‘राजमुकुट’मधील राणी अशा कसोटी पाहणाऱ्या भूमिका त्यांनी केल्या. पडद्यावर चूक झाली तर पुन्हा चित्रण करता येते, रंगमंचावर ती सोय नसते. ही परीक्षा त्यांनी स्वेच्छेने दिली. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने आणि १९६८ साली ‘पद्मश्री’ देऊन शासनाने त्यांचा सन्मान केला.

कॅमेऱ्यामागेही त्या रमल्या. लघुपट आणि जाहिरातपट काढणारी स्वतःची संस्था त्यांनी उभी केली. १९८८ साली दूरदर्शनवर घराघरांत पोहोचलेली ‘वागळे की दुनिया’ ही मालिका त्यांच्याच निर्मितीसंस्थेची. उतारवयातही त्यांची उद्यमशीलता अशी टिकून होती.

आडनाव कोणामुळे मोठे झाले?

दुर्गाबाईंविषयी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते : त्यांच्यामुळे घरंदाज स्त्रियांना चित्रपटाचे दार उघडले. वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. दुर्गाबाईंच्या आधी दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या १९१३ सालीच फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये पडद्यावर आल्या होत्या. गोहरबाई, हिराबाई बडोदेकर, ज्योत्स्नाबाई भोळे यांनी नाट्यसंगीतात आणि रंगभूमीवर स्त्रीचे स्थान निर्माण केले. त्यांच्यापैकी कित्येकींच्या वाट्याला अवहेलना आली. एखाद्या क्षेत्राला प्रतिष्ठा येते ती तेथे मोठ्या घरची माणसे आली म्हणून नव्हे, तर तेथे काम करणारी माणसे ते काम निष्ठेने करतात म्हणून. दुर्गाबाईंचे मोठेपण लाडांच्या किंवा खोट्यांच्या श्रीमंतीत नव्हते. श्रीमंती गेल्यावर त्यांनी केलेल्या कष्टांत होते.

१९८३ सालचा चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार त्यांना देण्यात आला. त्या पुरस्काराला नाव आहे दादासाहेब फाळके यांचे, ज्यांना आपल्या तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती! २२ सप्टेंबर १९९१ रोजी दुर्गाबाईंचे निधन झाले. २०१३ साली भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त त्यांच्या प्रतिमेचे टपाल तिकीट निघाले.

आपल्या घरातील मुलीने उद्या न रुळलेली वाट निवडली, तर ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न पहिल्यांदा उठेल. त्या वेळी एवढे आठवावे. ज्या आडनावाला बट्टा लागल्याची ओरड १९३१ साली झाली, त्याच आडनावाने पुढे पुतणी शुभा खोटे आणि पुतणे विजू खोटे अभिमानाने रंगभूमीवर व पडद्यावर वावरले. ते घराणे किती धनाढ्य होते, हे आज अभ्यासकांखेरीज कोणाला ठाऊक नाही. आणि दुर्गाबाईंनी आत्मचरित्र लिहिले, तेव्हा त्याला नाव दिले : ‘मी, दुर्गा खोटे’.