कान फुटायच्या आधीची गोष्ट

(बीबी येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



बचतीचा हिशेब झाला, आता दहा मिनिटं लेकरांच्या कानाला द्या. लेकराचा कान वाहतो, तेव्हा आपण म्हणतो, दात येत असतील, अंघोळीचं पाणी गेलं असेल, मोठं झालं की थांबेल. पण या दुखण्याची एक मुळी पार आईच्या पोटापर्यंत जाते.

नाकाच्या मागून कानाच्या आत एक बारीक नळी असते. लहान लेकरात ती आखूड आणि आडवी असते. म्हणून सर्दी झाली की जंतू लवकर कानात पोचतात, पू होतो, पडदा फुटतो. हे कोणत्याही लेकराला होऊ शकतं. पण जंतूंशी लढायची पहिली शिदोरी आई बाळाला वारेतून देते, तीही जास्त करून शेवटच्या तीन महिन्यांत. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलं तर शिदोरी अर्धी राहते. पोटात नीट वाढलं नाही तर त्याची स्वतःची ताकदही कमी पडते. म्हणून अडीच किलोच्या आतल्या बाळाला आजार लवकर गाठतात. प्रत्येकाचा कान फुटतोच असं नाही, पण त्याला जास्त जपावं लागतं.

मग बाळ लहान का राहतं? पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकानं गरोदर बायांचा अभ्यास केला. तो कानाचा नव्हता, बाळाच्या वाढीचा होता. ज्या बाया पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खायच्या, त्यांची बाळं मोठी भरली. ज्यांना शेतात-घरात कष्ट जास्त, त्यांची लहान.

आणि आपल्याकडं? “जास्त खाऊ नको, बाळ मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल.” सून सगळ्यांच्या मागून जेवते. आठव्या महिन्यातही सोयाबीन सोंगायला जाते. यात तिचा एकटीचा दोष नाही, हे सगळ्या घराचं काम आहे. सासूबाई इथं बसल्या आहेत, त्यांनाही सांगते.

जन्मानंतरही हातात पुष्कळ आहे. सहा महिने फक्त आईचं दूध. बाटली नको, त्यातही आडवं झोपवून तर नकोच. चुलीच्या आणि बिडीच्या धुरापासून बाळाला दूर ठेवा. लसी वेळेवर द्या. कान वाहत असेल तर तेल, लसूण, काही टाकू नका. स्वच्छ सुती कापडाची वात करून कान कोरडा करा आणि डॉक्टरांना दाखवा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत, शाळेत येतं. ते कानही तपासतं, तेव्हा लेकरू घरी ठेवू नका.

कान वाहत राहिला तर ऐकू कमी येतं. लेकरू उशिरा बोलतं, शाळेत मागं पडतं, अन् आपण म्हणतो, पोरगी ऐकतच नाही. तिला ऐकूच येत नसतं!

तर एवढं ठरवू. प्रत्येक गटानं आपल्या गरोदर बाईचं नाव वहीत लिहायचं. दर सभेत तिला तीन गोष्टी विचारायच्या: वजन वाढलं का, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, दुपारी आडवं व्हायला मिळतं का. उत्तर ‘नाही’ आलं, तर दोघीतिघींनी तिच्या घरी जाऊन बसायचं.